मिसळ चाळीसची पन्नास झाली तेव्हा : महापेतल्या एका कँटीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं हे कँटीन. चालवणाऱ्या काकू घणसोलीत राहतात. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. मी वाशीत अर्थशास्त्र शिकवतो. माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत.

कारखान्यात कार्डधारक कामगार साधारण २६०. प्रत्येकाच्या कार्डात सोमवारी सकाळी नाश्त्यापाण्याचे ३०० रुपये जमा होतात आणि शनिवारी रात्री उरलेले बुडतात. शनिवारी दुपारी कँटीनमध्ये गेलात तर बुडणं म्हणजे काय ते दिसतं. बिस्किटांचे पुडे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, जे हाताला लागेल ते उचलून लोक कार्ड रिकामं करतात. घरी पोरांना खाऊ होतो. थोडक्यात, आठवड्याला ७८ हजार रुपये काकूंकडे येणार हे ठरलेलंच. प्रश्न असतो तो एवढाच की ते कशावर खर्च होणार.

पोहे-उपमा २५ रुपये, वडापाव १५, चहा १०. आणि मिसळ ४०. मिसळीसाठी हे कँटीन आसपासच्या गाळ्यांतही माहीत आहे. ठाण्याहून येणारे दोघे-तिघे 'आमच्याकडच्या तर्रीपुढे ही काहीच नाही' म्हणतात आणि सॅम्पल दोनदा मागून घेतात.

अडचण

तेल, फरसाण आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, तिन्ही महागले. एका मिसळीचा खर्च २७ रुपयांवरून ३१ वर गेला. काकूंनी भाववाढ मागितली. कंपनीच्या एचआरने पोहे, वडापाव आणि चहाला हात लावू दिला नाही, फक्त मिसळीला परवानगी दिली. जुलैच्या पहिल्या सोमवारी मिसळ ५० रुपये झाली.

जूनमध्ये रोज सरासरी ११८ प्लेट जात होत्या. जुलैच्या तीन आठवड्यांत सरासरी ९६ वर आली. पहिल्या दोन दिवसांत तर भिजवलेली मटकी उरली. मोड यायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणजे बुधवारची मटकी सोमवारीच भिजत घालावी लागते. त्यामुळे चुकलेला अंदाज लगेच पातेल्यात दिसतो.

बुधवारी रात्री चिरंजिवांचा फोन आला. "सर, गिऱ्हाईक तुटतंय."

दोन मतं

घरात भांडण होतं ते आकड्यांवरून नाही. आकडे दोघांनाही मान्य होते. वाद होता गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय यावर.

चिरंजिवांचं म्हणणं पुस्तकातलं. कामगार तुलना करतो. पूर्वी एका मिसळीच्या पैशात दीड प्लेट पोहे यायचे, आता दोन येतात. मग तो पोह्यांकडे वळतो. तेव्हा त्याला मिसळीचं मोल पटवून द्यावं लागेल, नियमित खाणाऱ्याला काहीतरी बक्षीस द्यावं लागेल.

काकू म्हणाल्या, "अरे, सात वाजता पाळीवरनं सुटलेला माणूस भागाकार करतो होय? समोर दिसेल ते घेतो. मित्राने मिसळ घेतली की हाही मिसळ. लहर असते."

"लहर असेल तर भाव वाढवल्यावर बरोबर कमी कशी झाली, आई?"

यावर काकू गप्प बसल्या. माझ्या मते इथेच त्या हरायला नको होत्या, कारण त्यांच्या बाजूने एक नोबेल विजेता उभा होता.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर (१९३०-२०१४, नोबेल १९९२) यांनी १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त दाखवून दिलं की भाव वाढला की मागणी घटते, हा नियम सिद्ध करायला ग्राहक शहाणा असण्याची गरज नाही. ग्राहक निव्वळ लहरी असला, किंवा सवयीला चिकटून बसणारा असला, तरी एकूण बाजारात मागणी घटतेच. कारण घट डोक्यातून येत नाही, खिशातून येते. भाव वाढला की त्याच पैशात जे जे घेता येत होतं त्यातला एक तुकडा हातातून जातो. निवड कशीही करा, करायची ती उरलेल्या भागातूनच.

हेच बेकर पुढे लग्न, गुन्हा, मुलं अशा सगळ्या गोष्टी हिशेबी निवडीने समजावून सांगणारे म्हणून गाजले. त्यामुळे त्यांना 'माणूस लहरी आहे' असं म्हणायचं होतं असा अर्थ काढू नये. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हा एक निष्कर्ष त्या गृहीतकावाचूनही उभा राहतो.

काकूंना हे पटवायला मी भिशीच्या चिठ्ठ्या वापरल्या. ०, ३०, ६० असं करत ३०० पर्यंत अकरा चिठ्ठ्या. कल्पनेतला एक कामगार डोळे मिटून एक चिठ्ठी उचलतो. जो आकडा येईल तेवढे रुपये आठवड्यात मिसळीवर, बाकीचे इतर कशावरही. चिठ्ठी परत डब्यात. काकूंनी चाळीस वेळा उचलली. ४० रुपये भावाने, अर्धी-पाव प्लेटही धरून, १४७ मिसळी झाल्या. मग ५० च्या भावाने पुन्हा चाळीस वेळा. १२१ झाल्या.

कागदावर हिशेब सोपा आहे. चिठ्ठीची सरासरी १५० रुपये. ४० ने भागलं तर पावणेचार प्लेट, ५० ने भागलं तर तीन. घट २० टक्के. आणि कँटीनमध्ये खरी घट किती? ११८ वरून ९६, म्हणजे सुमारे १९ टक्के. चिठ्ठ्यांतला कामगार खऱ्यापेक्षा जास्त मिसळ खातो, कारण खऱ्याच्या समोर आणखी चार पदार्थ असतात. पण मिसळीवर जाणारा पैशाचा वाटा तोच राहिला तर टक्केवारीतली घट तीच येते.

चिरंजीव बराच वेळ वहीकडे बघत राहिले. चिठ्ठ्यांचा हिशेब इतका जवळ आला म्हणून कामगार चिठ्ठ्या काढतात असं ठरत नाही, हे मी त्यांना लगेच सांगितलं. तुलना करणारा माणूसही हीच घट देऊ शकतो. मुद्दा असा की गल्ल्यावरच्या बेरजेत दोघंही सारखेच दिसतात. बेरीज बघून 'गिऱ्हाईक विचार करून वळलं' म्हणता येत नाही आणि 'लहर फिरली' असंही म्हणता येत नाही.

वहीत काय सापडलं

चिरंजिवांनी एक गोष्ट फार चांगली केली होती. भाववाढ होणार हे कळल्यावर त्यांनी जूनपासूनच चाळीस नेहमीच्या लोकांची वही ठेवली होती. नाव नाही, कार्डाचे शेवटचे आकडे, आणि पुढे रोजची खूण.

जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात काय झालं? चाळिसांपैकी २१ जणांची मिसळ कमी झाली, ११ जणांची तेवढीच राहिली आणि ८ जणांची वाढली. एकूण ९७ वरून ७८.

ही ८ माणसं चिरंजिवांना खुपत होती. महाग झाल्यावर जास्त खातात? मी त्यांना आधी मागचं पान उलटायला सांगितलं. जूनच्याच शेवटच्या दोन आठवड्यांची तुलना. तेव्हा भाव तोच, पाऊस तोच, आचारी तोच. तरी १४ जणांची कमी झालेली, १२ जणांची तेवढीच, १४ जणांची वाढलेली. एकूण ९८ वरून ९७. म्हणजे काहीही न बदलता चाळिसांतले २८ जण इकडेतिकडे हलतच असतात. भाववाढीने तराजू थोडा एका बाजूला कलला, इतकंच. भाव न वाढवता लोक किती हलतात हे आधी मोजलं नसतं, तर प्रत्येक हालचालीला आम्ही भाववाढीचं कारण चिकटवलं असतं.

मग आम्ही खरोखरचा अविवेकी माणूस शोधायला निघालो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युअलसन यांनी १९३८ मध्ये सुचवलेली कसोटी इथे लावता येते. एखाद्याने दोन गोष्टी परवडत असताना पहिली घेतली, आणि पुढे दोन्ही परवडत असतानाच दुसरी घेतली, तर त्याच्या निवडीत विसंगती आहे. आता गंमत बघा. कार्डात तेच ३०० आणि मिसळ महाग. आठवड्याला तीन मिसळी आणि १८० रुपयांचं बाकीचं घेणाऱ्याला तोच आठवडा आता ३३० रुपयांना पडतो. जुनी निवड त्याला परवडतच नाही. मग त्याने मिसळ दोनवर आणली काय किंवा पाचवर नेली काय, विसंगत म्हणता येत नाही. पकडता येतो तो एकच माणूस. मिसळ ४० ला असताना जो ती अजिबात घेत नव्हता आणि ५० झाल्यावर घ्यायला लागला, तो. त्याची जुनी निवड अजूनही ३०० मध्ये बसते.

असा वहीत एकच सापडला, फोर्कलिफ्ट चालवणारा. जूनभर शून्य, जुलैत आठवड्याला दोन-तीन. चिरंजीव उत्साहाने विचारायला गेले.

जूनभर दाढ दुखत होती.

पर्याय

तीन पर्याय टेबलावर होते. पहिला, मिसळ ४५ वर आणायची. दुसरा, भाव ५० ठेवून नेहमीच्या मिसळवाल्यांना बक्षिसाचं वेगळं कार्ड द्यायचं, दहा प्लेटवर एक फुकट. तिसरा, भाव तसाच ठेवून काउंटरची मांडणी बदलायची. फरसाण कमी करून भाव जुना ठेवायचा हाही एक विचार निघाला होता, पण काकूंनी तो ऐकूनही घेतला नाही.

पहिला पर्याय एका हिशेबात बाद झाला, आणि हा हिशेब आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवा होता. जुन्या भावाने नव्या खर्चात एका प्लेटमागे ९ रुपये सुटत होते, ११८ प्लेटचे १,०६२. नव्या भावाने १९ रुपये सुटतात, ९६ प्लेटचे १,८२४. मिसळीचा गल्ला आधी रोज ४,७२० होता, आता ४,८०० झाला. बावीस प्लेट कमी विकून गल्ला जवळपास तेवढाच, आणि दिवसाला ७६२ रुपये जास्त हातात. इतर पदार्थांची विक्री रोज ८० रुपयांनी घटली ती वजा केली तरी फायदा स्पष्ट. गिऱ्हाईक तुटत नव्हतं. गिऱ्हाईक तुटायला जागाच नव्हती, कार्ड दुसरीकडे चालत नाही.

काय केलं

तरीही बक्षिसाच्या कार्डाचा पर्याय करून पाहिला गेला, कारण चिरंजिवांनी शंभर कार्डं आधीच छापून आणली होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात चार किंवा जास्त मिसळी खाणारे नऊ जण त्यांनी निवडले. त्यांना ते 'मिसळीचे वारकरी' म्हणत. त्या आठवड्यात नऊ जणांच्या मिळून ४१ प्लेट होत्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात २७. "सगळ्यात जवळचेच गेले, सर!"

मी पुन्हा मागचं पान उलटायला लावलं. त्याच नऊ जणांनी जूनच्या त्याआधीच्या आठवड्यात ३० प्लेट खाल्ल्या होत्या. म्हणजे ३०, ४१, २७. मधला आकडा उंच होता म्हणूनच ते निवडले गेले होते. त्यांची खरी घट ४१ वरून मोजायची नव्हती. ब्रिटनमधले संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू एहरेनबर्ग यांनी १९५९ पासून रोजच्या वापराच्या वस्तूंच्या खरेदीचे आकडे तपासून हेच दाखवलं. एका काळात खूप घेणारे पुढच्या काळात थोडे कमी घेताना दिसतात, आणि त्यासाठी त्यांचं मन बदलावं लागत नाही. नऊ वारकऱ्यांपैकी दोघांनी कार्ड भरून फुकट प्लेट खाल्ली. बाकीची कार्डं आता हिशेब लिहायला पाठकोरी म्हणून वापरतात.

चिकटून राहणाऱ्यांचीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. रोज मिसळ आणि चहा घेणारे काही जण होते. ४० अधिक १० म्हणजे दिवसाला ५०, सहा दिवसांत कार्ड बरोबर संपायचं. मिसळ ५० झाल्यावर चहाला पैसेच उरत नव्हते. त्यातल्या बहुतेकांनी मिसळ सोडली नाही. चहा स्वतःच्या पैशांनी घ्यायला लागले, मोबाइलवरून दहा-दहा रुपये. दोघांनी आठवड्यातून एकदा पोहे घ्यायला सुरुवात केली.

मांडणी बदलायला मात्र फार वेळ गेला. तीन आठवडे मोजून होतात तोच श्रावण आला. सोमवारी निम्मं कँटीन उपासाला. मग गणपती, अर्धे लोक गावी. गणपती उरकले तर पितृपक्ष, त्यात नवीन काही नको असं काकूंचं ठाम मत. घटस्थापनेपासून पुन्हा उपास. साधा, काहीही नसलेला पंधरवडा शेवटी दसरा आणि दिवाळीच्या मध्ये मिळाला.

तोवर ताट उचललं की आधी पोहे-उपमा, मग वडा, आणि मिसळ शेवटी अशी रांग होती. ती उलटी केली, मिसळ पहिली. भाव तोच, चव तीच. मिसळ ९७ वरून १०९ वर गेली. काकूंचं 'समोर दिसेल ते घेतो' खरं ठरलं, आणि भाववाढीने गेलेल्या प्लेटींपैकी निम्म्या नुसती पातेली सरकवून परत आल्या. लहरी निवड म्हणजे सगळ्या पदार्थांना सारखी संधी असं नसतं. फाशाला वजन असतं, आणि ते काही अंशी काउंटर मांडणाऱ्याच्या हातात असतं.

काय निष्पन्न झालं

त्या आठवड्यात चिरंजीव खूश होते. काकू नव्हत्या. "गर्दी वाढली, पण शनिवारी मोजलं तर हातात तेवढेच," असं त्यांनी दुसऱ्या शनिवारी सांगितलं.

हिशेब केला. मिसळ रोज १२ प्लेट वाढली, म्हणजे ६०० रुपये तिकडे गेले. पण कार्डात पैसे वाढलेले नाहीत, तेव्हा ते कुठूनतरी आलेच असणार. पोहे रोज १८ प्लेट कमी झाले होते, ४५० रुपये. बिस्किटं वगैरे १५० रुपयांनी कमी. मिसळीवर प्लेटमागे १९ सुटतात, १२ प्लेटचे २२८. पोह्याची प्लेट पडते १२ ला, तिच्यावर १३ सुटतात, १८ प्लेटचे २३४ गेले. बिस्किटांवरचे पंधरा-एक रुपये गेले. रोज २१ रुपये तोटा, आणि वर आचाऱ्याची दमछाक.

रुपयामागे बघितलं तर चित्र आणखी स्वच्छ दिसतं. मिसळीच्या एका रुपयात ३८ पैसे सुटतात, पोह्यांच्या रुपयात ५२. ठरलेले ७८ हजार आहेत, त्यात मिसळ नाही, पोहे पुढे करायला हवेत. दिवाळीनंतर पोहे परत पहिल्या जागी आले. ज्याला मिसळ हवीच आहे तो शेवटपर्यंत चालत जातोच. भाव ५० वर कायम राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीला प्लेटी मोजल्या, रुपये मोजले नाहीत, ही सगळ्यात महागातली चूक. बुधवारच्या त्या फोनवर मी आधी 'गल्ला किती?' विचारायला हवं होतं. मी विचारलं 'लोक काय म्हणतात?' शिक्षकाची खोड.

दुसरं, चाळीस माणसांत कामगारच होते आणि सगळे पहिल्या पाळीचे. रात्रपाळीची निवड कशी असते हे वहीत कुठेच नाही.

तिसरं जरा माझ्या विषयातलं. चिठ्ठ्यांचा खेळ काकूंना इतका आवडला की त्या आता सगळंच 'चिठ्ठ्या आहेत' म्हणून मोकळ्या होतात. बेकर यांच्या त्याच लेखावर १९६२ मध्येच अर्थशास्त्रज्ञ इस्राएल कर्झनर यांनी आक्षेप घेतला होता. ग्राहक आणि विक्रेते सगळेच आंधळे असतील तर चुकलेला भाव दुरुस्त कसा होणार? कुणीतरी हेतूने, आपली चूक ओळखून पुढचं पाऊल टाकल्याशिवाय बाजार हलत नाही. या कँटीनमध्ये ते पाऊल काकूंनीच टाकलं. पोहे परत पुढे आणले, ते काही चिठ्ठी उचलून नव्हे. मी हा आक्षेप त्यांना त्याच दिवशी सांगायला हवा होता. चिठ्ठ्या नीट जुळल्याच्या आनंदात राहून गेला.

आणि सगळ्यात मोठा कच्चा दुवा कंपनीच्या ३०० रुपयांच्या कार्डाचा आहे. इथे खिसा बंद होता, म्हणून पैसे कँटीनमध्येच फिरले. नवीन वर्षात एचआरने विचार बोलून दाखवला, की एप्रिलपासून कार्ड बंद करून हेच पैसे पगारात द्यायचे. मग ७८ हजार येतीलच असं नाही. फाटकाबाहेर वडापावची गाडी आहे, घरचा डबा आहे, आणि काहीच न खाणं हाही पर्याय आहे. तेव्हा खिसा कुठवर आहे तेच कळणार नाही, आणि १९ टक्क्यांचा आमचा आकडा तिथे चालेल असं मला वाटत नाही.

काकूंनी विचारलं, "मग किती जण राहतील, सर?"

चिरंजिवांनी वहीत नवा रकाना आखला आहे, कार्ड संपल्यावर स्वतःच्या पैशांनी खाणाऱ्यांचा. पहिल्या आठवड्यात चाळिसांपैकी चौदा निघाले, त्यातले नऊ चहावाले.